दावा पोरांनी लिहिला

पोलीस भरतीत हुकलेल्या पोरांचं पुढे काय, हा गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावांचा जुना प्रश्न आहे. पोरं पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावतात, थोडक्या गुणांनी राहतात आणि पुढच्या जाहिरातीची वाट बघत बसतात. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच. पुन्हा हुकल्यावर त्यानं धावणं सोडलं, मग घरात बोलणंही. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, पण त्याच्या दोस्तांना दारू कुठे मिळते हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो घरी येईपर्यंत आई जागी असायची.

त्या हिवाळ्यात ग्रामसभेनं सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाचा हक्क मागणारा दावा टाकायचं ठरवलं. वनहक्क कायदा 2006 चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्येच सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला होता, तेव्हा नवल काही नव्हतं. अडत होतं ते कागदांपाशी. मी वनहक्क समितीत होते. लिखापढीचं काम भरतीच्या पोरांना द्या, असं मी सभेत सुचवलं. थोडी कुजबुज झाली. पण आजा म्हणाला, "माह्यासंगं फिराले तं कोणी पाह्यजेच." आणि विषय तिथंच मिटला.

दाव्यात सगळ्यात मोठं काम हद्दीचं. गावाचं पारंपरिक जंगल कुठून कुठवर, हे म्हाताऱ्यांना पायांनी माहीत असतं आणि कागदावर कुठेच नसतं. म्हणून दोन-तीन जाणती माणसं पुढे, मागे पोरं, एकाच्या हातात जीपीएस, एकाकडे वही. शेजारच्या गावांच्या समित्यांनाही बोलावलं, कारण हद्द दोन्ही गावांनी मान्य केली की पुढची भांडणं टळतात.

एका दुपारी नाल्यापलीकडे आजा थांबला. ऐन-धावड्याच्या रानात मधेच मोहाची जुनी झाडं होती. त्यानं काठीनं पाला बाजूला सारला. खाली अर्धा मातीत रुतलेला गोल दगड, मधे भोक. "हा गोटा नोहे बाबू, जातं होय. माह्या आजीचं घर अठीच होतं." ते आमचं रिठ, उठून गेलेलं जुनं गाव. भाऊ गुडघ्यावर बसला, बोटांनी भोकातली माती काढली, फोटो घेतला, अक्षांश-रेखांश लिहिले. मग आपणहून विचारायला लागला: विहीर कुठे होती, माणसं कुठे पुरायचे, गाव का उठलं? कित्येक महिन्यांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

रात्री आजा गोंडीत सांगायचा आणि भाऊ मराठीत जबाब लिहायचा. वाचून दाखवला की आजा दुरुस्त्या सांगायचा. नाल्याचं नाव चुकलं तर अख्खं पान पुन्हा. जो पोरगा आईच्या हाकेला ओ देत नव्हता, तो तेच पान तिसऱ्यांदा लिहीत बसायचा. बाकीची पोरंही कंदिलाभोवती गोळा व्हायची. पिणं एका दिवसात सुटलं असं मी म्हणणार नाही. पण पहाटे जंगलात जायचं असलं की आदल्या रात्री ती घरी असायची, हे मी पाहिलं आहे.

दाव्याच्या ठरावाला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. पोरांनी घरोघर जाऊन माणसं आणली. फाइल उपविभागीय समितीकडे गेली आणि जुना नकाशा जोडा म्हणून परत आली. तेव्हा भाऊ कार्यालयात उभा राहून म्हणाला, "वनहक्काच्या नियम 13 मध्ये वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे, आणि रिठ, विहीर, स्मशानही. अमुकच कागद आणा असा आग्रह धरता येत नाही." आवाज थरथरत होता, पण तो बसला नाही. शेवटी फाइल जिल्हा समितीकडे गेली.

हक्कपत्र यायला खूप वेळ लागला. आता तेंदूचा लिलाव ग्रामसभाच करते आणि सत्तर पानांच्या पुड्यांचा हिशेब हीच पोरं फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, बसून ठेवतात. उन्हाळ्यात वणव्यावर लक्ष ठेवायची पाळी त्यांनीच लावून घेतली आहे. भाऊ जंगलाच्या व्यवस्थापन समितीत आहे. भरतीचा अर्ज त्यानं यंदाही भरला, पण निकालाच्या दिवशी तो रोपवनात होता.

दावा टाकणाऱ्या गावांना माझं सांगणं: हद्दीची फिरस्ती पानगळीनंतर करा, तेव्हा जुन्या खुणा दिसतात. प्रत्येक कागदाची पोच घ्या. आणि वही गावातल्या सगळ्यात गप्प पोराच्या हातात द्या.