टेन्शनची गोळी, स्वस्तातली

काउंटरवरची गर्दी ओसरली की एखादा माणूस मागे रेंगाळतो. मग आवाज खाली आणून विचारतो, "ही गोळी जनऔषधीत फार स्वस्त मिळते म्हणे. तिने गुण येतो का हो?" बीपीच्या गोळीबद्दल हेच लोक दुकानभर ऐकू जाईल असं विचारतात. टेन्शनच्या गोळीची मात्र कुजबुज. साताऱ्यात पंचवीस वर्षं मेडिकल चालवतोय आणि त्यातली दोन वर्षं मी स्वतः एस्सिटॅलोप्राम या चिंता-नैराश्यावरच्या औषधाची दहा मिलिग्रॅमची गोळी घेतलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डॉक्टर चिठ्ठीवर जे नाव लिहितात, तेही बहुतेक वेळा जेनेरिकच असतं, म्हणजे मूळ कंपनीचं औषध दुसऱ्या कंपनीने बनवलेलं. एस्सिटॅलोप्राम मूळ डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीचं, अल्प्राझोलाम हे घबराटीवरचं औषध अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीचं. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट मिळत नसे, ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. २००५पर्यंत असंच चाललं. त्या काळात पद्धत बदलून कितीतरी कंपन्यांनी एकच गोळी आपापलं नाव लावून विकली. तेव्हा 'कंपनीची की जेनेरिक' हे भांडण खरं तर नाव लावलेलं जेनेरिक की बिननावाचं, एवढंच आहे.

आता धंद्यातलं एक गुपित. व्यवसायबंधू रागावतील, रागावू देत. तिसराही एक प्रकार असतो, त्याला आम्ही ट्रेड जेनेरिक म्हणतो. त्यासाठी एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, डॉक्टरांकडे चकरा मारत नाही, माल घाऊक स्टॉकिस्टकडून थेट दुकानात येतो. छापील किंमत नामवंत कंपनीच्या गोळीच्या आसपास, पण आम्हाला तो कधीकधी पाव किमतीतही पडतो. मग "तुमच्यासाठी तीस टक्के कमी करतो" म्हणणारा दुकानदार उपकार करत नसतो. जनऔषधीत छापील किंमतच कमी असते.

राहिला गुणाचा प्रश्न. पाण्यात नीट न विरघळणारी औषधं मूळ औषधाइतकीच रक्तात उतरतात हे परवाना मागताना दाखवणं आपल्याकडे एप्रिल २०१७पासून सक्तीचं झालं. त्याआधी जुन्या औषधांना ही अट नव्हती, तेव्हा लोकांचा संशय अगदीच निराधार नाही. अमेरिकेतही बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाची, हळूहळू विरघळणारी ३०० मिलिग्रॅमची एक जेनेरिक गोळी २०१२मध्ये बाजारातून काढावी लागली. रोगी कित्येक वर्षं तक्रार करत होते, आणि चाचणी केल्यावर ते खरे निघाले.

पण उलटंही होतं. मी कंपनीची गोळी सोडून जनऔषधीची आणली. आधीची गोल होती, ही लांबट. "कंटेंट सेम आहे" हे रोज पन्नास जणांना ऐकवणारा मी, तीन रात्री टक्क जागा. छातीत धडधड, हाताला घाम. चौथ्या दिवशी बायकोला म्हटलं, ही गोळी मला लागू पडत नाही. ती म्हणाली, "अहो, नवी अजून फोडलीच नाही. डबीत जुन्या उरल्या होत्या, त्याच देतेय." मी न बघताच गिळत होतो.

जेनेरिकपेक्षा मला भीती वाटते ती 'प्लस'ची. आपल्याकडे एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम हे मन शांत करणारं औषध एकाच गोळीत सर्रास मिळतं, आणि नावात फरक 'प्लस'सारख्या एखाद्या शब्दाचा किंवा अक्षराचा. दुकान बदलताना दोन्ही असलेली गोळी जाऊन साधी हातात आली, तर क्लोनाझेपाम एका रात्रीत बंद होतं. खूप दिवस घेतलेलं असेल तर झोप उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. म्हणून पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. दिसत नसेल तर आमच्याकडून वाचून घ्या, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

अल्प्राझोलाम कुठूनही घ्या, चिठ्ठी लागणारच. मार्च २०१४पासून ते एच-वन यादीत, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. डॉक्टरांचं नाव, तुमचं नाव, गोळ्या किती, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते आम्हाला तीन वर्षं जपावं लागतं. "नाव नका लिहू हो," असं हात जोडून सांगणारे भेटतात. लिहावंच लागतं.

तर, घ्यावी का स्वस्तातली? घ्या. फक्त दर महिन्याला नवी नको. जिथे एकच गोळी सलग मिळत राहील तिथून घ्या आणि पहिल्या महिन्यात काही वेगळं वाटलं तर डॉक्टरांना सांगा.

आणि हो, मेडिकल स्वतःचं असून मी जनऔषधीत का गेलो, हेही विचारतात. पैशासाठी नाही. माझ्या दुकानातून घेतली असती तर कामावरच्या पोरांना कळलं असतं.