पुंगळीवरचा ओरखडा

जुलैतला शुक्रवार. पहाटेपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, हिंदमाताला पाणी साचलं होतं आणि लोकल रखडल्या होत्या. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानाचं शटर मी जेमतेम वर केलं, तोच एक गृहस्थ निथळत्या रेनकोटात आत आले. पाठ ताठ, मिशा पांढऱ्या, खांद्याला बंदुकीचं कव्हर. आल्याआल्या त्यांनी आधी प्लास्टिकच्या पिशवीतून परवाना काढून काउंटरवर ठेवला आणि मग बंदूक. हा क्रम पाळणारा माणूस दिसला की मला बरं वाटतं.

"मिस्त्री, सोमवारी ड्युटीवर हजर व्हायचंय. नाहीतर एजन्सी नाव कापणार."

साताऱ्याकडचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गेली 11 वर्षं पैसे वाहणाऱ्या गाडीवर गनमन आहेत. या कामात बंदूक आणि परवाना स्वतःचा असला तर नोकरी, नाहीतर काठी घेऊन एखाद्या सोसायटीच्या गेटवर बसायचं. पगारात फरक बराच पडतो. त्यामुळे यांच्यासाठी बंदूक म्हणजे रिक्षावाल्याची रिक्षाच.

बंदूक 12 बोअरची, पंप अ‍ॅक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून चालवायची. मी आधी नळीचं तोंड वाळूच्या पेटीकडे केलं, पंप मागे ओढला, चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, करंगळी घालून पाहिलं, खालच्या मॅगझिनच्या नळीत टॉर्च मारला. रिकामी होती. त्यांनी स्वतः रिकामी करून आणली होती तरी मी पाहिलं, आणि मी पाहतोय हे त्यांनी पाहिलं. एक शब्द बोलले नाहीत.

हकीकत अशी. एजन्सीनं वर्षाचा सराव ठेवला होता, माणशी 5 फैरी. यांच्या 3 फैरींना पंप मागे आला, पण उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी चेंबरमध्येच राहिली. दर वेळी नळीच्या तोंडातून रॉड घालून ठोकून काढावी लागली. "सगळी पोरं बघत होती," एवढंच म्हणाले आणि गप्प बसले.

तक्रार नवी नव्हती. मार्चमध्येही एकदा अडकली होती, तेव्हा त्यांनी ती दुसऱ्या एका कारागिराकडे दाखवली. त्यानं पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचं टोक कानशीनं धारदार केलं, मागे कडक स्प्रिंग घातली आणि त्यांच्यासमोर 20 वेळा चालवून दाखवली. वीसच्या वीस बाहेर.

"डमीनं चालवली?" मी विचारलं.

"हो, डमीनं."

चूक तिथेच झाली. डमी, म्हणजे आत दारू नसलेलं नकली काडतूस, किंवा न उडालेलं काडतूस चेंबरमध्ये सैल बसतं. बार उडाला की आतल्या दाबानं पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि लगेच थोडी आक्रसते. पितळ छान आक्रसतं, स्वस्तातल्या काडतुसांचं लोखंडी बूड तेवढं नाही. या आक्रसण्यावरच सगळा खेळ आहे. डमी फुगतच नाही, मग ती अडकणार कशी? तिच्यावर परीक्षा घेऊन बंदूक पास झाली, असं म्हणणं म्हणजे कोरड्या रस्त्यावर छत्री तपासणं.

मी बंदूक बाजूला ठेवली आणि विचारलं, "त्या अडकलेल्या पुंगळ्या आहेत?"

होत्या. फौजी माणूस. रुमालात बांधून पाचही आणल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी आधी चहा सांगितला.

मी या कामाला लागलो तेव्हा आमचे उस्ताद पहिले सहा महिने मला बंदुकीला हात लावू देत नव्हते. गिऱ्हाइकांच्या रिकाम्या पुंगळ्या समोर ओतायचे आणि भिंगाखाली बघायला लावायचे. तेव्हा राग यायचा. आज 31 वर्षांनंतर ते सहा महिनेच कामाला येतात.

पुंगळीच्या बुडाला जो कडेचा ओठ असतो, रिम, त्यात एक्स्ट्रॅक्टरचं मांजराच्या नखासारखं वळलेलं टोक अडकतं आणि पंपाबरोबर पुंगळीला मागे ओढतं. या बंदुकीत ते नख उजव्या बाजूला आहे. त्या तिन्ही पुंगळ्यांची रिम एका जागी चंद्रकोरीसारखी खरवडलेली होती, एकीला तर पितळेची केसाएवढी कपची लोंबत होती. म्हणजे नख निसटलं नव्हतं. त्यानं धरलं, ओढलं, पुंगळी हलली नाही, तेव्हा रिमचा लचका तोडून ते मोकळं मागे आलं. धार लावलेलं नख लचका आणखी सहज तोडतं. त्या कारागिरानं दुखणं बरं करायच्या नादात वाढवून ठेवलं होतं.

मग पुंगळीला धरून ठेवणारं कोण?

तिन्ही पुंगळ्या मी बूड वर करून टेबलावर उभ्या केल्या, चंद्रकोर माझ्या उजव्या हाताला येईल अशा. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर तिन्हींची चंद्रकोर 3 वाजता. आता अंगावरचे ओरखडे पाहिले. पहिलीवर 6 वाजता, पितळ संपून प्लास्टिक सुरू होतं त्या सांध्याच्या आसपास, करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीचा उभ्या बारीक रेघांचा पट्टा. दुसरीवर 6 वाजता. तिसरीवरही 6 वाजता, त्याच उंचीवर. सुटलेल्या दोन पुंगळ्यांवरही तिथेच, जरा पुसट.

हवालदार साहेबांना मी भिंग दिलं. त्यांनी पाची फिरवून फिरवून पाहिल्या आणि म्हणाले, "एकाच जागी आहे की सगळ्यांना."

दोष काडतुसाचा असता तर ओरखडे कुठेही पडले असते, कारण काडतूस चेंबरमध्ये कसंही फिरून बसतं. पाचही पुंगळ्या एकच जागा दाखवत होत्या, म्हणजे दोष चेंबरमध्ये, खालच्या बाजूला, बोटभर आत.

नळी उतरवली. आधी तिच्यावरचा 70 चा शिक्का वाचला. जुन्या काही बंदुकांचं चेंबर 65 मिलिमीटरचं असतं आणि त्यात 70 ची काडतुसं बिनबोभाट बसतात, कारण 70 ही उडून तोंड उघडलेल्या पुंगळीची लांबी आहे, भरलेलं काडतूस त्याहून बरंच आखूड असतं. मग तोंड उघडायला जागा पुरत नाही, दाब वाढतो आणि पुंगळी अडकते. इथे तो प्रश्न नव्हता. पितळी ब्रश फिरवला, चिंदी फिरवली. चिंदी तपकिरी आणि चिकट निघाली, आणि वास ओळखीचा.

"खोबरेल?"

"घरचं आहे," ते म्हणाले.

खोबरेल तेल केसांना चांगलं. बंदुकीत ते जुनं होऊन काजळीत मिसळतं, चिकट थर धरतं आणि त्या थराखाली ओल अडकते. कोकणातून शेतीसंरक्षणाच्या बंदुका येतात त्यांतही मला हाच वास येतो, कारण घरात हाताशी तेच असतं. लोकांना मी कधी दोष देत नाही, हत्यारासोबत तेलाची बाटली द्यायला हवी असं मात्र वाटतं.

थर निघाल्यावर टॉर्चच्या उजेडात तो डाग दिसला. चेंबरच्या खालच्या अंगाला गंजाचा चट्टा, मसुराच्या डाळीएवढा, त्यात बारीक खड्डे आणि खड्ड्यांच्या कडा उठलेल्या. पुंगळी फुगली की तिचं पितळ त्या कडांमध्ये दाबलं जायचं. साध्या बोल्ट रायफलीत, जिथे चेंबर मागून बंद करणारा बोल्ट मुठीनं फिरवून उघडतात, मूठ वर उचलताना पुंगळीला आधी जोराचा हिसका बसतो, ती सुटते आणि मग सरळ मागे येते. पंप अ‍ॅक्शनला हा हिसका नाही. सरळ ओढ, आणि तीही आपल्या डाव्या हाताच्या जोरावर. चेंबर आरशासारखं नसेल तर तो हात कमी पडतो.

पण गंज एकाच बाजूला का? हे मला कळल्याशिवाय मी बंदूक परत देत नाही, कारण तेच परत होणार. मी विचारलं, गाडीत बंदूक कशी ठेवता. त्यांनी उठून दाखवलं. सीटच्या कोपऱ्यात दस्ता खाली, तोंड वर, जरा मागे कललेली. गाडीतून चढउतार करताना पाऊस थेट नळीत. पाणी कललेल्या नळीच्या खालच्या भिंतीवरून ओघळत उतरायचं आणि बंद बोल्टपाशी, चेंबरच्या बुडाशी साचायचं. पावसाळ्याचे चार महिने, रोज 8–10 वेळा.

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "फौजेत आम्हाला तोंडावर टोपी लावायला शिकवलेलं. इथे कोण विचारतंय म्हणून..." आणि वाक्य तसंच सोडलं.

चेंबरवर अडीच तास गेले. मुरणारं तेल लावून ठेवलं, मग लाकडी दांडीला अगदी बारीक स्टील वूल गुंडाळून हातानं फिरवलं, नंतर तेलात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर. ड्रिल मशीनला दांडी लावून हेच काम दहा मिनिटांत होतं, मी ते करत नाही. मशीनला थांबायचं कुठे ते कळत नाही, आणि चेंबर एकदा मोठं झालं की नळी गेली. उठलेल्या कडा तेवढ्या बसवायच्या. खड्डे राहिले तर राहू द्यायचे, कडा बसल्या की बारीक खड्डा पुंगळीला फारसा धरत नाही. दर पाच-सात मिनिटांनी मी पुंगळी अंगठ्यानं आत ढकलून पाहत होतो. आधी ती निम्म्यावर कचकन थांबायची. मग खरखर करत जायला लागली. साडेतीनच्या सुमाराला नळी उलटी केली आणि ती आपोआप घरंगळून माझ्या तळहातावर पडली.

एक्स्ट्रॅक्टर बदलला. घासलेलं नख पुन्हा आकारात आणता येत नाही. जुन्या सुट्या भागांच्या डब्यात जुळणारा मिळाला, स्प्रिंग मूळ ताकदीची घातली.

तेवढ्यात त्यांच्या कमरेच्या पट्ट्याकडे लक्ष गेलं. चामड्याचा, काडतुसांची घरं शिवलेला, सुंदर जुना पट्टा. एक काडतूस बाहेर काढलं तर पितळ हिरवं पडलेलं. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि दमट हवा, दोन्ही मिळून पितळ खातात. ते हिरवं कीट चेंबरमध्ये जातं. शिवाय या काडतुसांच्या रिमवरही नखाचे चावे होते, एकेकावर पंधरा-वीस. रोज ड्युटी संपल्यावर ते पंप ओढून ओढून मॅगझिन रिकामं करत. प्रत्येक काडतूस नखाखालून जायचं, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. मी त्यांना खालून अंगठ्यानं खटका दाबून काडतूस मॅगझिनमधून थेट हातात कसं घ्यायचं ते दाखवलं. त्यांनी डमीवर सहा-सात वेळा करून पाहिलं, ओठ घट्ट मिटून, रंगरुटासारखं लक्ष देऊन.

"ही काडतुसं टाकू?"

टाकायची नाहीत, कचऱ्यात काडतूस जाता कामा नये. ती वेगळी ठेवून परवान्यावर नवी घ्यायची. नोंदवहीत बंदुकीचा नंबर, परवान्याचा नंबर, काय बदललं ते लिहिलं, त्यांची सही घेतली.

शनिवारी पाऊस ओसरला. मी त्यांच्याबरोबर रेंजवर गेलो. प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर जाणं जमत नाही, पण या माणसाला पोरांसमोर रॉड ठोकावा लागला होता हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. 10 नवी काडतुसं. पहिला बार उडाला तेव्हा त्यांनी पंप इतका जोरात ओढला की खांदा हलला. पुंगळी उडून सिमेंटवर पडली, टण्णकन. दुसऱ्यालाही तसंच. पाचव्या-सहाव्यापासून हात सैल झाला, सहज मागे-पुढे व्हायला लागला. दहाही बाहेर.

बंदूक रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून त्यांनी ती टेबलावर ठेवली. मग गुडघ्यावर बसून दहाही पुंगळ्या गोळा केल्या आणि माझ्यासारख्याच ओळीनं उभ्या केल्या, रिमवरची खूण उजव्या हाताला. खिशातून वाचायचा चष्मा काढला. एकेक उचलून 6 वाजता काय आहे ते बघत गेले. फक्त धुराचा काळा डाग होता, तो त्यांनी अंगठ्यानं पुसला.

निघताना दुकानात आले आणि जाड कापडाचा पट्टा मागितला. चामड्याचा त्यांनी घडी करून बॅगेत ठेवला. सोबत मी रबरी टोपी दिली, नळीच्या तोंडाला बसणारी. ती त्यांनी तिथेच बसवून पाहिली, काढली, पुन्हा बसवली.