मामाची साइट आणि मामीची दोन वाक्यं

मामाची देवगड हापूसची साइट गूगलसाठी नीट करायला घेतली. प्रत्येक पानाचं टायटल एकच: 'होम'. कीवर्ड्सच्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या वाचकाला न दिसणाऱ्या ओळीत, मात्र आंबा, आंबे, हापूस, मँगो असे चाळीसेक शब्द कोंबलेले.

"ते काढू नकोस रे, त्यावरच तर गूगल चालतं!" मामा म्हणाला.

गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय, की क्रम लावताना तो टॅग बघतच नाही. काढला.

मग डिस्क्रिप्शन, म्हणजे कोडमध्येच दिलेलं पानाचं छोटं वर्णन. त्यानेही नंबर वर जात नाही, पण शोधाच्या निकालात टायटलखाली अनेकदा तेच दिसतं. नाही पटलं तर गूगल पानातलाच तुकडा उचलतं. मी लिहिलं, 'सर्वोत्तम दर्जाचे आंबे'. मामी आतून म्हणाली, "असं कोण म्हणत नाही? पेटी किती डझनाची, आंबा आढीत पिकवलेला का, ते लिही."

तेच लिहिलं. पायरीचं पान अजून बाकी आहे.