वाजवी काटछाट

१९ जून, रात्र. लाइट गेलीय.

चारच वाक्यं होती. चाळीस पानांच्या नाटकात चार. तांबड्या पेनानं त्यांच्यावरून रेघा ओढायला मला मिनिटभरही लागलं नसेल. संध्याकाळी माझी भाची बाय तिच्या नाटकाची वही न्यायला आली, पडवीत उभ्याउभ्याच पानं चाळली आणि सतराव्या पानावर थांबली.

"मामा, हें कोणें काडलें?"

म्हटलं, हांवें.

"बरें," म्हणाली, आणि छत्री उघडून चालती झाली.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाची माझी तयारी होती. उत्तरं दुपारपासून तोंडात घोळवून ठेवली होती. 'बरें'ला काय उत्तर द्यायचं?

कालचं भाषण तिनं तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं होतं, हे जास्त लागतंय. दर १८ जूनला वाचनालयात मीच बोलतो. १९४६, मडगाव, पोर्तुगीजांची बंदी मोडून लोहियांची सभा, अटक. मग आजोबांच्या लग्नपत्रिकेची गोष्ट, सेन्सॉरचा शिक्का बसेपर्यंत छापखान्यात कशी अडून राहिली ती. लोक हसतात. दरवर्षी त्याच जागी हसतात. (लोहिया समाजवादी, मी मसानी आणि शरद जोशींच्या, खुल्या बाजाराच्या उदारमतवादी वाटेचा. पण वर्षातून एक दिवस आमचं जमतं.)

यंदा नवीन भर घातली होती. १८ जून हीच आपल्या पहिल्या घटनादुरुस्तीचीही तारीख. १९५० साली सर्वोच्च न्यायालयानं मद्रास सरकारनं एका साप्ताहिकावर घातलेली बंदी उठवली, तर जेमतेम वर्षानं घटनाच बदलली. १८ जून १९५१. सार्वजनिक सुव्यवस्था, परक्या देशांशी मैत्री, अशी तोंड बंद करायची नवी कारणं आली आणि उतारा म्हणून एक शब्द घातला: 'वाजवी' निर्बंध. "वाजवी म्हणजे किती, ते ठरवणार कोण?" असं मी टेबलावर हात आपटून विचारलं. पाण्याचा पेला सांडला. टाळ्या चांगल्या पडल्या.

वही त्यानंतर घरी येऊन तपासायला घेतली. हात अजून दुखत होता.

पहिलं वाक्य असं होतं: 'पोर्तुगीज गेले, जाताना आपला कायदा देवळात विसरून गेले.' यात खोटं काय? देवळांचा कारभार महाजन घराण्यांकडे ठेवणारा १९३३चा महाजनी कायदा आमच्या देवस्थानांना अजून लागू आहेच. दुसरं: 'देव सगळ्यांचा, चावी महाजनांची.' तिसरं महाजनांच्या वहीत मुलींची नावं का नाहीत, त्यावर. ते चांगलं होतं. माझ्या भाषणातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा चांगलं होतं. चौथं आठवत नाही.

आता माझी बाजू. सभागृह देवस्थानाचं, पडदा देवस्थानाचा, लाइटचं बिलसुद्धा तेच भरतात. ज्याची जागा त्याची मर्जी. आपल्या मंचावर काय म्हटलं जावं हे ठरवण्याचा हक्क हासुद्धा स्वातंत्र्याचाच भाग. मी काही पोलीस बोलावले नाहीत, तिला दंड केला नाही. ती वाक्यं ती तिंट्यावर, भर रस्त्यात उभी राहून म्हणू शकते. तर्कात कुठे भोक नाही, मी दोनदा तपासला.

फक्त एवढंच, की देवस्थानाकडून एका शब्दानंही कोणी काही सांगितलं नव्हतं. संहिता कोणी मागितलीच नव्हती. जागेच्या मालकाचा हक्क मालकानं मागायच्या आधीच मी त्याच्या वतीनं बजावला. सेन्सॉरच्या कारकुनाला निदान पगार तरी मिळायचा.

आणि तीस वर्षं चवथीची नाटकं बसवतो आहे, त्याचं काही नाही का? पावसात भिजलेल्या वह्या वाळवायच्या, नट रुसला की त्याच्या घरी जायचं, ऐनवेळी स्त्रीपार्टीचा ताप उतरवायचा. उद्या देवस्थान 'सभागृह मिळणार नाही' म्हणालं तर नाटक कोणाचं बुडणार? चाळीस पानं वाचवायला चार ओळी दिल्या. कोणी म्हणेल का, मामानं नाटक वाचवलं? नाही. 'बरें.'

हे वर लिहिलेलं आत्ताच मेणबत्तीच्या उजेडात वाचलं. स्वतःचीच दया येईल इतकं छान लिहिलंय. खोटं आहे. सभागृह कधीच नाकारलं गेलं नसतं. आमच्याकडे नाकारत नाहीत, नुसतं बोलायचे थांबतात. मला भीती पालखीची. आमच्या घराचा मान आहे त्यात, आणि ताई म्हणते तसं... जाऊ दे.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ सालीच लिहून ठेवलंय की सरकारच्या जुलुमापेक्षा समाजाचा जुलूम खोल जातो, कारण त्यातून निसटायला वाटा कमी. दर दोन वर्षांनी कुठेतरी मी हे सांगतो. आगरकरांचंही तेच. बर्वे प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात, तुरुंगात टाकलं सरकारनं, १०१ दिवस. पण जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली ती पुण्याच्या लोकांनी, त्याला कुठलं कलम लागलं नाही. माझ्या टेबलावर त्यांचंच ब्रीद लावलेलं आहे, 'इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार.' आजवर त्यातला दुसरा अर्धाच मी पाळत आलो, आणि 'साध्य' या शब्दात माझ्यासाठी केवढी जागा आहे!

बरं, गंमत अशी, की मला कापताही धड आलेलं नाही. बायनं फोटोकॉपी काढून ठेवली असणार, आजकालची पोरं ती. म्हणजे वाक्यं आहेतच तिच्याकडे. ती 'बरें' म्हणाली त्यात राग नसेलच कदाचित. मास्तरनं काय खोडलंय ते नुसतं बघून घेतलं असेल, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला दाखवायचं नाही ते कळतं.

हे मात्र नको वाटतं.

आमचं अंगण सभागृहापेक्षा लहान नाही. चार बाकं, एक ताडपत्री. चवथीला पाऊस असतोच. पण प्रयोग तिथे केला तर जागा माझी, मर्जी माझी, आणि मग सतरावं पान... हे तिला सांगायला फोन करायला हवा. ताईच उचलेल फोन. चौथं वाक्य काय होतं तेही विचारायचंय. रेघ इतकी दाबून ओढली की खालचं काही लागत नाही.

लाइट आली. उद्या सातला तालीम आहे. सभागृहाची चावी माझ्याकडेच असते, लवकर निघायला हवं.