तुम्ही विचारलंत म्हणून: लाकूड कुजत नाही का?

मी भाज्या लावते त्या जुन्या लाकडी फर्निचरमध्ये, त्यामुळे माझ्या बागेत पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण थोडा वेळ गप्प राहतो. उलट्या टेबलाच्या पायांवर वेल चढलाय, आडव्या कपाटात वांगी लागलीत, ड्रॉवरमधून पालक डोकावतोय. सगळं बघून झालं की प्रश्न येतो, "छान आहे हो, पण लाकूड कुजत नाही का?"

कुजतं. घरात कोरडं राहावं म्हणून केलेली वस्तू आपण ओल्या मातीने भरतो, ती कायमची टिकणार नाहीच. पण ती दोन वर्षांत जाणार की दहा, हे बरंचसं आपल्या हातात असतं.

लाकूड पाण्याने कुजतं असं आपण म्हणतो, पण कुजवते ती बुरशी, आणि तिला पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणून कायम पाण्याखाली असलेलं लाकूड शतकानुशतकं राहतं. इटलीतलं जुनं व्हेनिस शहर बरंचसं चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभं आहे. कोरडं लाकूडही राहतं. आतला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी सहसा धरत नाही. जातं ते मधलं, भिजून अर्धवट सुकणारं आणि पुन्हा भिजणारं.

माझा पहिला ड्रॉवर मी चार वर्षांनी रिकामा केला, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. समोरची फळी इतकी धड होती की धुतल्यावर तिच्यावरचं जुनं पॉलिश दिसायला लागलं. पण जमिनीला टेकलेल्या कडेत स्क्रूड्रायव्हरचं टोक ओल्या साबणात जावं तसं शिरलं. लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पसरले होते आणि तिथलं लाकूड बोटाने खरवडता येत होतं. म्हणजे ज्या मातीची मला भीती होती तिने फारसं काही केलं नव्हतं. नुकसान झालं होतं खाली, जिथे पाणी साचायचं आणि वारा लागायचा नाही.

तेव्हापासून माझी एकही वस्तू थेट जमिनीवर नसते. चार कोपऱ्यांखाली विटेचे किंवा फरशीचे तुकडे ठेवते, खाली दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहिली की पुरते. लोखंडी खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावते. आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना जवसाचं तेल तीन-तीन वेळा पाजते. झाड जिवंत असताना ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढायचं, त्या या टोकाला उघड्या पडलेल्या असतात, आणि फळी झाली तरी त्या पाणी ओढतातच. सपाट बाजूला एक हात पुरतो, टोकं मात्र पितच राहतात. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: हे तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका.

आतून प्लास्टिक लावायचं ते फक्त बाजूंना. तळालाही लावलं की त्याची पिशवी होते, आणि मग मुळं आणि लाकूड दोन्ही एकाच पाण्यात बसून राहतात. तळाला दर पंधरा सेंटिमीटरवर बोटाएवढं भोक पाडते. ड्रॉवरचा तळ बहुतेक वेळा पातळ प्लायचा असतो, तो ओल्या मातीच्या वजनाने खाली येतो. म्हणून आधी खालून दोन आडव्या पट्ट्या मारून घेते.

भोकांवर खडीचा थर द्यावा असं मलाही शिकवलं होतं, आणि मी तो वर्षानुवर्षं दिला. आता देत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे निचरा वाढत नाही, उलट आधीच उथळ असलेल्या ड्रॉवरमधली मुळांची जागा कमी होते. भोकांवर जाळीचा तुकडा टाका आणि थेट माती भरा.

यापुढचा प्रश्न असतो की कुठलं फर्निचर चालतं. इथे मी कडक आहे. अस्सल लाकूड हवं. साग मिळाला तर उत्तमच, त्याच्या गाभ्यात बुरशी आणि वाळवी दोघांनाही नको असलेली द्रव्यं असतात. भुसा दाबून केलेल्या बोर्डाला मी हात लावत नाही. वरचा सनमायका कितीही चकचकीत असो, एका कडेतून पाणी शिरलं की आतला भुसा फुगतो. अशा बोर्डाचं टीव्हीचं एक युनिट मी मोठ्या हौसेने भरलं होतं. एका पावसाळ्यात त्याच्या बाजू पुस्तकाची पानं सुटावीत तशा सुटल्या, आणि त्यातली माती उकरून टाकताना फार वाईट वाटलं, कारण ती मीच वर्षभर कंपोस्ट घालून तयार केली होती. त्या भुशाला धरून ठेवणारा डिंक बहुधा फॉर्माल्डिहाइडचा असतो, तेव्हा भाजीच्या मुळांशी तो नकोच.

जुन्या रंगाचंही तसंच. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये सर्रास शिसं असायचं. पापुद्रे सुटलेलं रंगीत कपाट दिसायला फार गोड असतं, पण ते पापुद्रे मातीत पडतात, आणि पॉलिश पेपर मारला तर धूळ थेट श्वासात जाते. रंग कधीचा आहे हे माहीत नसेल तर तो घासू नका, आणि त्यात खायचं काही लावू नका. फुलझाडाची कुंडी आत ठेवायची, तेवढाच त्याचा उपयोग. मालाची खोकी ज्यावर रचतात त्या पॅलेटचं लाकूड घेणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा: 'एचटी' (HT) म्हणजे ते नुसत्या उष्णतेने निर्जंतुक केलेलं असतं, 'एमबी' (MB) म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. 'एमबी' असेल तर सोडून द्या.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. साठ बाय चाळीसचा, पंधरा सेंटिमीटर खोल ड्रॉवर म्हणजे 36 लिटर. त्यात बागेतली माती भरून पाणी दिलं की पन्नास किलोच्या पुढे जातो. गच्चीवर ठेवायचा असेल तर निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं कंपोस्ट घ्या, आणि ठेवा भिंतीच्या कडेला. ड्रॉवरचं अख्खं टेबल ठेवून खण पायऱ्यांसारखे पुढे ओढलेली चित्रं तुम्ही पाहिली असतील. मीही तसं केलं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी घातल्यावर ते पुढे कलंडलं, जवळ कोणी नव्हतं म्हणून निभावलं. आता असं टेबल मी मागून भिंतीला पट्टीने जखडते.

पण मला सगळ्यात आवडतं ते उलटं टेबल. ते पालथं केलं की फळीखालची चौकट वाफ्याचा काठ होते आणि चार पाय चार खांब. सुतळी ताणली की वेलाला मांडव तयार, वेगळा आधार ठोकावा लागत नाही. चौकट जेमतेम दहा सेंटिमीटर उंच असते, म्हणून मी तिच्यावर आणखी एक फळी चढवते. पालेभाजीला पंधरा-वीस सेंटिमीटर माती पुरते, टोमॅटो-वांग्याला मात्र तीस तरी हवी. त्यांच्यासाठी पाठीवर निजवलेलं लाकडी कपाट बरं. दारं काढायची, मधल्या फळ्या तशाच ठेवायच्या, कप्प्याकप्प्याचे वाफे होतात. दारं पुढे रोपांवर सावली धरायला उपयोगी पडतात.

तो पहिला ड्रॉवर चार वर्षांनंतर दुरुस्त करून मी पुन्हा लावला होता, यंदा मात्र तो पूर्ण मोडला. तळ उरलाच नव्हता, पण कोपऱ्यातले एकमेकांत बसवलेले सांधे इतके घट्ट होते की हातोडी घ्यावी लागली. ज्याने ते बसवले त्याला मी मनात नमस्कार केला. बिनरंगी लाकूड होतं, म्हणून कुजून मऊ झालेले तुकडे नव्या कपाटाच्या तळाशी, मातीखाली पसरले. असं लाकूड स्पंजासारखं पाणी धरतं. धड राहिलेली समोरची फळी तिच्या पितळी मुठीसकट ठेवून दिली आहे. उलट्या टेबलाच्या चौकटीची एक बाजू यंदा बदलायला झाली आहे, तिथे ती नेमकी बसते, मापून बघितलं.