चाळीस की शेहेचाळीस?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी ऐरोलीच्या पुलावर गाडीत अडकून बसलो होतो. प्रयोगशाळा, क्रीडांगण, स्नेहसंमेलन, काहीही चालेल म्हणाले. प्रयोगशाळेत मी एक चंचुपात्र फोडलं, एवढीच माझी तिथली आठवण. लिहीन तर बाईंबद्दल. बाई म्हणजे मराठीच्या. आपल्याकडे नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

1986 सालचा फेब्रुवारी. मी आठवी ‘ब’मध्ये. वडिलांची वागळे इस्टेटमधली कंपनी दिवाळीपासून बंद होती आणि महिनाअखेरीला माझ्या दप्तरात डबा नसायचा. मधल्या सुट्टीत नळावर पाणी प्यायचो आणि वाचनालयाच्या पायरीवर पुस्तक उघडून बसायचो. तिसऱ्या दिवशी बाई शेजारी येऊन बसल्या. हातात दोन पुडांचा स्टीलचा डबा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव. त्यांचं नव्हे, त्यांच्या आईचं. आत तांदळाची भाकरी आणि चवळीची उसळ.

“खा. माझा उपास आहे.”

उपासाला साबुदाणा असतो हे मला ठाऊक होतं. मग डबा कशाला आणला, असं मी विचारलंच.

“उपास माझा आहे, डब्याचा नाही.”

राखेच्या बुधवारापासून, म्हणजे ख्रिस्ती उपासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरपर्यंत चाळीस दिवस बाई दुपारचं जेवत नसत. गोडही सोडलेलं. कोणाच्या वाढदिवसाचा पेढा मिळाला की तो रुमालात बांधून पर्समध्ये जायचा, भाचीसाठी. पण डबा रोज भरून यायचा. तो खाणारा मी एकटाच नव्हतो, हे दहावीनंतर मित्रांच्या बोलण्यातून कळलं.

मी हिशेबी मुलगा. घरी कालनिर्णय काढून 12 फेब्रुवारी ते 29 मार्च मोजले, तर शेहेचाळीस भरले. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत सांगितलं, “बाई, तुमचे दिवस चुकलेत.” बाई खळखळून हसल्या. “रविवार कशाला मोजलेस? येशू रविवारी उठला. त्या दिवशी कोणी उपाशी राहतं का?” सहा रविवार वजा, चाळीस बरोबर. माझ्या आजीच्या चातुर्मासात अशी सूट नव्हती. ती वांगं सोडायची आणि चार महिने वांग्याबद्दलच बोलायची.

त्याच महिन्यात ‘त्यागाचे महत्त्व’ हा निबंध होता. मी दधीची, कर्ण, बाजीप्रभू सगळे एका रांगेत उभे केले आणि शेवटी लिहिलं, ‘त्याग म्हणजे आवडती वस्तू सोडणे.’ वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत होतं, ‘सोडली. मग ती गेली कुठे?’ दहापैकी पाच.

मी भांडायला गेलो. तास संपत आला होता, तरी बाईंनी खडू उचलून फळ्यावर एकाखाली एक आकडे लिहिले: 11, 12, 13. योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. गुरुवारची रात्र, येशूने नुकतेच शिष्यांचे पाय धुतलेत, उद्या क्रूस आहे हे त्याला माहीत आहे. आणि अशा वेळी हा माणूस बोलतो कशाबद्दल, तर आनंदाबद्दल. तुमचा आनंद पूर्ण व्हावा, हे अकरावं वचन. एकमेकांवर प्रीती करा, हे बारावं. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे तेरावं. “क्रम बघा,” बाई म्हणाल्या. “लोक तेरापासून सुरू करतात, म्हणून तोंडं कडू होतात.” घंटा झाली. गुण वाढले नाहीत.

तुम्ही ख्रिस्ती व्हा, असं त्यांनी कधी सुचवलंही नाही. तरी आज कोणी वर्गात हे सांगितलं तर पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत काय काय येईल, या विचाराने वाईट वाटतं. तसं वाईट वाटायला बरंच आहे. मराठी माध्यमाच्या तीन तुकड्यांची एक झाली आणि नळाच्या जागी गाड्या उभ्या असतात. माझी स्वतःची हिशेबतपासणीची फर्म आहे, एकोणीस माणसं कामाला आहेत, मुलगी पुण्याला आर्किटेक्ट झाली. हे बाईंना एकदा दाखवायचं राहिलं. त्या गेल्या तेव्हा मी तलावपाळीच्या सेंट जॉन चर्चमध्ये मागच्या बाकावर होतो.

त्या चर्चपाशीच एकदा सहलीत त्यांनी 1321 सालची गोष्ट सांगितली होती. या आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाचे संन्यासी, मारले गेले आणि पुढे ओदोरिक नावाच्या संन्याशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. कोणी मारलं यावर बाईंनी वेळ घालवला नाही. त्यांचा जीव चौघांतल्या देमेत्रियसवर. तो धर्मगुरू नव्हता, जॉर्जियातल्या तिफ्लिसचा साधा ब्रदर, पूर्वेकडच्या भाषा जाणणारा. “भाषा येणारा माणूस आधी अडकतो,” असं म्हणून त्यांनी आम्हाला व्याकरणाचा गृहपाठ दिला.

डब्याचं राहिलंच. पहिल्या दिवशी मी तो घरी नेला, आईने घासला. पण भांडं रिकामं परत द्यायचं नाही, आणि घरात द्यायला काही नाही. तिने गुळाचा एक खडा टाकला. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात मी डबा पुढे केला तेव्हा माझे कान तापले होते. बाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि तिथेच, उभ्याउभ्या, अख्खा खडा तोंडात टाकला.

“बाई, तुम्ही गोड सोडलंय ना?”

तोंड भरलेलं. त्यांनी हातानेच गप्प बस अशी खूण केली. मग म्हणाल्या, “आईला सांग, गूळ कोल्हापूरचा दिसतोय.”

गूळ कोपऱ्यावरच्या वाण्याकडचा होता, उधारीचा.