तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाची नोटीस भिंतीवर कशासाठी?

नागपुरात वकिली करताना आंतरधर्मीय लग्न करू पाहणारी जोडपी मला हमखास विचारतात, "मॅडम, लग्न आम्ही दोघं करून राहिलो, मग नोटीस साऱ्या गावाले कायले?" नोंदणी पद्धतीने लग्न करायचे तर आधी विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते, आणि कोणाला आक्षेप असल्यास तो घेता यावा म्हणून ती त्याच्या कार्यालयाच्या भिंतीवर लावली जाते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी १८७२ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी ब्राह्मो समाजाच्या मागणीवरून इंग्रज सरकारने नोंदणी विवाहाचा कायदा केला. मात्र सनातन्यांचा रोष टाळण्यासाठी, आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती वगैरे कोणत्याही धर्माचे नाही, असे वधूवरांनी लिहून देण्याची अट त्यात घातली. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या हरिसिंग गौर यांनी १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्या आपसातील विवाहांना या अटीतून सोडवले. हिंदू-मुस्लिम जोडप्याला मात्र १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. गंमत अशी की, जुन्या कायद्यातली नोटिशीची चौदा दिवसांची मुदत स्वतंत्र भारताने तीस दिवसांवर नेली.

त्या नोटिशीत नाव, वय, व्यवसाय, राहता पत्ता आणि कायमचा पत्ता असतो. नागपूरच्या मिहान या उद्योग क्षेत्रात नोकरी करणाऱ्या मुलीचे घर गोंदियाला असेल, तर तिच्या नोटिशीची प्रत गोंदियाच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या भिंतीवरही लागते. आक्षेप कोणालाही घेता येतो, पण तो वय, हयात जोडीदार, मानसिक स्थिती किंवा निषिद्ध नाते यांपुरताच. जात-धर्म हे कारण कायद्याला मान्य नाही. तरीही ज्यांना तेच कारण पुढे करायचे असते, त्यांच्या हाती पत्ता आणि महिनाभराचा अवधी आपण सरकारी शिक्क्यानिशी देतो. हिंदू किंवा मुस्लिम धर्मविधीने लग्न करणाऱ्याला असे काहीच करावे लागत नाही. म्हणून घाबरलेली जोडपी धर्मांतर करून एका दिवसात मोकळी होतात. धर्मसत्तेला बाजूला सारण्यासाठी केलेला कायदाच माणसांना तिच्या दारात उभे करतो, हे मला सर्वांत जास्त खटकते.

२०२१ च्या जानेवारीत अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटिशीची प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली, पण तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठावर बंधनकारक नाही. उलट, डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी चक्क एक समितीच नेमली.

तेव्हा माझा सल्ला असा: पत्ते खरेच लिहा, कारण खोटी माहिती पुढे तुमच्याच अंगाशी येते. नोटीस देतानाच पोलीस संरक्षणाचा अर्ज करून ठेवा. २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांच्या सुरक्षेची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. नोटीस तीन महिने चालते, त्यामुळे एकतिसाव्या दिवशीच लग्न उरकले पाहिजे असे नाही. तीन साक्षीदार मात्र आधीच पक्के करा, कारण ऐन वेळी मागे फिरतात ते बहुधा साक्षीदारच.